पिकअपचा पिवळा दिवा: आधी कोड वाचा

महोदय,

भाजीपाल्याच्या हंगामात जुन्या डिझेल पिकअपचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, की बॅटरीची वायर काढून तो घालवला जातो. ही सवय सोडायला हवी. त्याने कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक, पुसला जातो; बिघाड तसाच राहतो. शिवाय बिघाडाच्या क्षणी नोंदलेले आरपीएम, तापमान आणि वेगही पुसले जातात. मेकॅनिकला नेमके तेच हवे असते.

बीएस-४ (प्रदूषण मानक) गाड्यांत डॅशबोर्डखाली १६ पिनांचे सॉकेट असते. तिथे कोड वाचणारा स्कॅनर लावून कोड लिहून घ्यावा. बॅटरीही मोजावी: इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. व्होल्टेज पडले, की भलतेच कोड येतात.

‘पी०४०१’ म्हणजे ईजीआरमधून (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) वायू पुरेसा जात नाही. लगेच नवा व्हॉल्व्ह घेऊ नये. बऱ्याचदा काजळी साचलेली असते किंवा व्हॅक्यूमची रबरी नळी चिरलेली असते. ‘पी००८७’ म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) डिझेलचा दाब कमी. महागड्या पंपाला हात लावण्याआधी डिझेल फिल्टर बदला, त्यातले पाणी काढा, टाकीकडून येणारी नळी हवा ओढते का ते पाहा. ‘पी०२९९’ (टर्बोच्या हवेचा दाब कमी) आला आणि गाडी चढाला ओढत नसेल, तर आधी टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे होज आणि क्लिपा तपासा. शेतावर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरिंग तर हमखास बघावी.

कोड भाग सांगत नाही, लक्षण सांगतो. नुसत्या कोडवर सेन्सर बदलणाऱ्या गॅरेजला ग्राहकाने तपासणीचे आकडे मागावेत.

– एक मेकॅनिक, नारायणगाव (जि. पुणे)