उजव्या कानाच्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ओपीडीत तुम्ही कुणाला आभार मानू देत नाही, लगेच पुढचा पेशंट आत बोलावता. म्हणून हे जाहीर पत्र.

सर्दी कधीच गेली, पण उजव्या कानाला बसलेले दडे काही सुटेनात. वर्गात शिकवताना माझाच आवाज डोक्यात घुमायचा आणि उजवीकडचं पोर काय विचारतंय ते कळायचं नाही. एका ठिकाणी तर ‘वय झालं’ म्हणून थेट श्रवणयंत्राचा भाव सांगितला होता.

तुम्ही कपाळावर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) वाजवून टेकवलात. आवाज बंद कानातच मोठा येतोय म्हटल्यावर तुमचा चेहरा खुलला. ऐकण्याची नस शाबूत आहे, अडथळा पडद्यामागे आहे! पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या टिम्पॅनोमेट्रीचा आलेखही सपाट आला, म्हणजे आत पाणी.

तरी तुम्ही कानाला हात लावला नाहीत. आधी नाकातून दुर्बीण. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठलं, तर नाकामागे, कानात हवा पोचवणाऱ्या युस्टेशियन नळीच्या तोंडाशी गाठ नाही ना, हे बघायलाच हवं, असं स्पष्ट सांगितलंत. त्या रात्री झोप नीट लागली नाही, पण ती तपासणी टाळली नाहीत याबद्दल सगळ्यात जास्त आभार. काही निघालं नाही.

इंटरनेटवर वाचून मी ती नळी रुंद करणारी फुग्याची शस्त्रक्रियाच हवी म्हणून बसलो होतो. (मास्तरांना सगळं आधीच माहीत असतं!) तो फुगा नळीत दोन मिनिटं फुगवून काढून घेतात, बहुधा पूर्ण भूल देऊन, हे सांगून तुम्ही म्हणालात, “आधी पडद्यात ग्रोमेट, म्हणजे एक बारीक पोकळ बटण, घालू. पाणी पुन्हा भरलं तर फुग्याचं बघू.” ग्रोमेटने मूळची नळी दुरुस्त होत नाही, ती सुधारेपर्यंत हवेला पडद्यातून वाट मिळते, हेही लपवलं नाहीत. शस्त्रक्रियेने काय होणार नाही, हे इतकं सरळ मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पडदा बधिर केलात, बारीक छेद दिलात, चिकट पाणी ओढून घेतलंत. “आता मोठा आवाज येईल,” म्हणालात. तो विमानासारखा आला. मग टेबलावरूनच सिस्टरांची कुजबुज ऐकू आली, आणि ती माझ्याबद्दलच होती.

आंघोळीला व्हॅसलीनचा बोळा घालतो, नदीवर पोहणं बंद आहे. ग्रोमेट बहुतेक वर्षभरात आपोआप पडेल म्हणालात, तोवर तपासणीला येतच राहीन. आई अजून कानात कोमट तेल घालायला वाटी घेऊन येते. तुमचं नाव घेतलं की परत जाते.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक