गाव, महापालिका आणि ख्रिस्तसभेची शिकवण : सायमनला पत्र

प्रिय सायमन,
जय येशू.

महापालिकेच्या निवडणुकीआधी तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीवर सहा संध्याकाळी अभ्यासमंडळ बसवायचं ठरतंय, हे वाचून फार बरं वाटलं. पहिल्या दिवशी पोपचं कोणतं परिपत्रक वाचू, असं तू विचारलंस. माझं म्हणणं, पहिल्या दिवशी एकही वाचू नकोस. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाईन यांनी तरुण कामगारांना पाहा, पारखा, मग कृती करा, हा क्रम शिकवला. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकामध्ये, परिच्छेद २३६ मध्ये, तोच क्रम उचलून धरला. आपली मंडळं बिघडतात ती इथेच. 'पाहा' ही पायरी गाळून लोक थेट 'पारखा'वर उडी मारतात, आणि मग आधीच ठरवून आणलेल्या मताला एखादं वचन चिकटवून मोकळे होतात.

तुमच्या भागातला, महापालिकेतून गावं वगळण्याचा वाद हाच विषय घे. चार नगरपालिका आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. गावांनी आंदोलन केलं, २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं. पहिल्या दोन संध्याकाळी फक्त माहिती गोळा करा : गावात पाणी किती दिवसांआड आणि किती तास येतं, टँकर किती लागतात, कोणत्या विहिरी खाऱ्या झाल्या, विकास आराखड्यात कोणत्या जागेवर कोणतं आरक्षण आहे, घरपट्टी किती आणि तिच्या बदल्यात मिळतं काय. बारा-पंधरा माणसं पुरेत. त्यात भाड्याच्या खोलीत राहणारी दोन-तीन तरी हवीत, याकडे मी पुन्हा येणार आहे.

तिसऱ्या दिवशी 'क्वाड्राजेसिमो आन्नो'चा परिच्छेद ७९ काढ. पोप अकरावे पायस यांचं हे परिपत्रक १५ मे १९३१ चं, पोप तेरावे लिओ यांच्या कामगारांविषयीच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकाला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवसाचं. लहान आणि खालच्या संस्था जे करू शकतात ते वरच्या मोठ्या संस्थेने काढून घेणं हा अन्याय आहे, असं तिथे म्हटलंय. याला सब्सिडिअॅरिटी म्हणतात. पुढे १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातून हे तत्त्व युरोपीय संघाच्या कायद्यात गेलं.

हे वाचल्यावर मंडळातले निम्मे लोक म्हणतील, बघा, पोपनेच सांगितलं की गावं वेगळी हवीत. तसं ते सांगत नाही. प्रत्येक काम सुटं करून विचारायचं : हे खालच्या पातळीवर खरंच होतं का? बावखल (गावातलं गोड्या पाण्याचं तळं) राखणं, विहिरी, गावातले रस्ते, मोकळ्या जागा ही कामं होतात. नळाच्या पाण्याचं मात्र एकट्या ग्रामपंचायतीला जमणारं नाही. सूर्या धरणाची मोठी योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मिरा-भाईंदरला. ते वरच्यांनीच करायला हवं. शिवाय गाव की महापालिका एवढे दोनच पर्याय नसतात. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं राज्यघटनेचं कलम २४३-एस सांगतं. त्या समित्यांना खरे अधिकार आणि पैसे मिळतात का, हा प्रश्नही याच तत्त्वातून निघतो, आणि तो फारसं कुणी विचारत नाही.

चौथी संध्याकाळ सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. सूर्याचं पाणी मुळात डहाणू-पालघरकडच्या आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी होतं. ते शहरांकडे वळवायला तिकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. आपल्या नळाला पाणी यावं हे रास्तच आहे, पण सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे आणि गरिबाचा विचार आधी, ही शिकवण गावाच्या वेशीपाशी थांबत नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीत टँकरच्या रांगेत उभी असलेली बाई आपल्या गावची नाही, म्हणून तिची तहान कमी ठरत नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या 'कारितास इन वेरिताते'चा परिच्छेद ५८ इथे मोठ्याने वाच. एकात्मतेशिवाय, म्हणजे एकमेकांची जबाबदारी घेतल्याशिवाय, सब्सिडिअॅरिटी आली की माणूस आपल्यापुरतं बघू लागतो, आणि सब्सिडिअॅरिटीशिवाय एकात्मता आली की गरजूला मिंधं केलं जातं, असा त्याचा आशय आहे. या परिपत्रकावर तारीख २९ जून २००९ आहे, म्हणजे महापालिका होण्याच्या चार दिवस आधीची! भाड्याच्या खोलीतली माणसं मंडळात हवीत ती यासाठी. ती नसतील तर ही संध्याकाळ 'बाहेरचे लोक' या शब्दांवरच संपेल.

'क्वाड्राजेसिमो आन्नो' या १९३१ च्या परिपत्रकाचा गैरवापरही सांग. त्यात धंदेवार संघटनांचा, म्हणजे एका धंद्यातले मालक आणि कामगार एकत्र आणणाऱ्या संघटनांचा, विचार मांडलेला आहे. ऑस्ट्रियात चॅन्सेलर डॉलफुसने त्याचा हवाला देत १९३४ ची राज्यघटना आणली. संसदेचा कारभार त्याने आदल्या वर्षीच बंद पाडला होता. त्या राज्यघटनेने कामगारांना बळ मिळालं नाही, वरून नेमलेल्या माणसांच्या हाती सत्ता गेली. सब्सिडिअॅरिटीचा थेट उलटा अर्थ! तत्त्व आणि आराखडा यांतला फरक पुसला की असं होतं. माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचं हित, गरिबाचा अग्रहक्क ही तत्त्वं बांधून ठेवणारी आहेत. अमुक गाव वगळावं की ठेवावं हा व्यवहाराचा निर्णय आहे, तिथे दोन प्रामाणिक कॅथोलिक वेगळं मत देऊ शकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'गाउदियुम एत स्पेस'मध्ये, परिच्छेद ४३ मध्ये, हे स्पष्ट आहे : आपल्याच मताला ख्रिस्तसभेचा अधिकार आहे असा दावा कुणी करू नये.

कायद्याचंही आधीच बोलून घे. धर्मगुरूंना सत्तेचं सार्वजनिक पद घ्यायला ख्रिस्तसभेच्या कायद्यातलं कलम, कॅनन २८५, मनाई करतं, पक्षाच्या कामात सक्रिय होण्यावर कॅनन २८७ बंधन घालतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ धर्माच्या नावावर मत मागणं, किंवा देवाच्या कोपाची भीती घालणं, भ्रष्ट आचरण ठरवतं. ते संसद आणि विधानसभेच्या निवडणुकांना लागू असलं, तरी मंडळाने तोच दंडक पाळावा. उमेदवाराचं नाव मंडळात निघता कामा नये, प्रचाराचे फलक चर्चच्या आवारात नकोत. सर्व पक्षांच्या उमेदवारांना तेच लेखी प्रश्न पाठवा, आलेली उत्तरं शब्द न बदलता नोटीस बोर्डावर लावा, ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढे तसं लिहा.

पाचव्या दिवशी हे प्रश्न तयार करा, चारपेक्षा जास्त नकोत. 'तुम्ही हरित पट्ट्याच्या बाजूने आहात का' याला सगळेच हो म्हणतील. 'आराखड्यातलं अमुक आरक्षण उठवण्याचा ठराव आला तर मत काय देणार' असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. सहावी संध्याकाळ निवडणूक झाल्यावर महिन्याभराने ठेव, निवडून आलेल्याला बोलाव आणि तीच उत्तरं त्याच्यासमोर वाच.

विकास आराखड्याचा नकाशा मिळायला वेळ लागतो, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाक. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

तुझा,
फेलिक्स