साल काढायची नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आधी नको ते लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. चंदीगडला आणखी २ वर्षं राहायचं मी कबूल केलंय. सोमवारी सहीसुद्धा करून बसले. विचारलं असतं तर बाबा ‘तुझं तू बघ’ म्हणाले असते आणि आई दिवसभर गप्प राहिली असती. चिनूची शाळा इथे मार्गी लागली आहे, पगारही बरा आहे, आणि पुण्याहून चिपळूणला यायलासुद्धा दिवस जायचाच की! (कारण लंगडं आहे, कळतंय मला.) गणपतीला नाही जमणार. दिवाळीची तिकिटं मात्र काढली आहेत.

म्हणून पेटी पाठवतेय. कुलूकडची नाशपाती आहे. इथे मऊ होणाऱ्या जातीला बग्गूगोशा म्हणतात. नुसतं नाशपाती म्हटलं तर फळवाला कडक नाख हातात ठेवतो.

बाबा, आईने सांगितलंय मला सगळं. सकाळी अर्धा अर्धा तास आत, आणि बाहेर येता ते घामाघूम होऊन. स्टेंट घातल्यावर कुंथायचं नाही, हे डॉक्टर तुमच्यादेखत बोलले होते. आणि साखर आहे म्हणून फळं बंद, असं ते म्हणालेच नव्हते, रस नको म्हणाले होते. एका मध्यम नाशपातीत पाचेक ग्रॅम चोथा असतो, त्यातला बराच सालीत. शिवाय तिच्यात सॉर्बिटॉल नावाचं एक गोड द्रव्य असतं. ते आतड्यात पुरतं शोषलं जात नाही, पाणी धरून ठेवतं, म्हणून पोट साफ व्हायला मदत होते. पण दिवसाला एकच! दोन खाल्ल्यात तर रात्रभर गुडगुडेल आणि शिव्या मला बसतील. इसबगोल आपल्या मनाने बंद करायचं नाही.

आई, तू काकडीचीही साल काढतेस, म्हणून तुला वेगळं सांगते: काढू नकोस. बाबांच्या कवळीत अडकते ना? मग विळीवर कागदासारख्या पातळ चकत्या कर.

फळं कडक आहेत ती मुद्दाम. झाडावर पिकली तर आतून रवाळ होतात, म्हणून कच्चीच उतरवतात. आपल्या आंब्यांसारखी अढी लावायची. बाबा, तुम्ही पहाटे पेंढा सारून एकेक आंबा नाकाला लावायचात आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचे. पहिला पिकलेला माझ्याच उशाशी येणार, हे ठाऊक असायचं ना! इथे मात्र वासावर जाऊ नका. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबा, दबलं की तयार. पोट मऊ व्हायची वाट पाहिलीत तर गाभा काळा पडलेला निघेल. तयार झालेली फ्रिजमध्ये, बाकीची बाहेर.

मावशींना चार द्या. अख्खी आळी जेवू घालू नका, ओळखून आहे तुम्हाला.

आणि आई, गणपतीपुढच्या पाच फळांत एक ही ठेव. प्रसाद म्हटल्यावर बाबा सालीसकट खातील.

तुमची,
बेबी