साथ करताना कान कुठे असावा

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले ध्वनिमुद्रण काल रात्री दोनदा ऐकले. व्हायोलिन आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुरांचे तुझे वाद्य) यांसाठीचे मोत्सार्टचे जी मेजरमधले ड्युएट, म्हणजे दोघांनी वाजवायची रचना, तुम्ही दोघांनी निवडलेत, याचा मला फार आनंद झाला. १७८३ सालचे हे साल्झबर्गमधले काम. तिथला संगीतकार मिखाएल हायडन याला तिथल्या आर्चबिशपसाठी सहा ड्युएट द्यायची होती, चार झाल्यावर तो आजारी पडला आणि उरलेली दोन मोत्सार्टने लिहून दिली, अशी हकीकत सांगतात. मोत्सार्टला स्वतः व्हायोला वाजवायला आवडत असे, आणि म्हणूनच, मला वाटते, येथे व्हायोलाला नुसते ओझे वाहायला लावलेले नाही.

पहिल्या भागात तुमचे बोलणे छान रंगले आहे. व्हायोलिनने टाकलेला तुकडा तू लगेच उचलतोस आणि जरा गडद आवाजात परत करतोस. अदाजियोत, म्हणजे संथ भागात, मात्र मला काळजी वाटली. तेथे व्हायोलिन लांब सुरावट गाते आणि तू खाली साथ करतोस; त्या वेळी तुझा गज नेटका, पण घड्याळासारखा चालतो. एका वरच्या सुरावर तुझी व्हायोलिन वाजवणारी जोडीदारीण क्षणभर रेंगाळली, तू थांबला नाहीस, आणि तिला आपले वाक्य अर्धे टाकून तुझ्यामागे यावे लागले.

तरुणपणी हीच चूक माझ्याकडून होत असे. एकदा सरांनी माझ्या स्टँडवरचे कागद मिटले आणि म्हणाले, ''समोरचा आत्ता काय वाजवत होता, ते गाऊन दाखव.'' मला एक ओळही गाता आली नाही. ती शरम मी अजून विसरलेली नाही.

म्हणून तू तिचा भाग पाठ कर, आणि सरावात स्वतःची साथ वाजवत तिची सुरावट तोंडाने म्हण. व्हायोलाच्या जाड तारा बोलायला व्हायोलिनपेक्षा किंचित उशीर लावतात. तिचा गज हललेला पाहून तू निघालास, तर उशीर झालेलाच असतो. गज टेकवण्याआधी ती जो श्वास घेते, त्यावर निघ. चौघांच्या वादनात असा उशीर एखादे वेळी झाकला जातो, दोघांत तो उघडा पडतो.

पुढच्या वेळी फोन तुझ्या खुर्चीजवळ न ठेवता दोघांच्या मध्ये ठेव. अदाजियोच्या शेवटी तिचे सूर मला नीट ऐकू आले नाहीत, आणि ते मला ऐकायचे आहेत.

तुझी आई