निळं घड्याळ

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू तो जुना विनोद पुन्हा टाकलास. 'माझं घड्याळ हरवलं.' 'किती वाजता?' 'निळं होतं.' तू तिकडे ठसका लागेपर्यंत हसत होतास आणि मी गप्प. 'आहेस की गेलास?' म्हणालास. होतो रे, पण चिडलो होतो. याच वाक्यावर खिदळलो म्हणून आपल्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि आता मी निळंच का, याचा विचार करत बसलो!

राहवेना, म्हणून वाचत सुटलो. विलिबाल्ड रूख नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विनोदांची वर्गवारी केली आहे. एका प्रकारात विसंगतीची गाठ बसते आणि सुटते. 'डॉक्टर, हल्ली काही लक्षात राहत नाही.' 'कधीपासून?' 'काय कधीपासून?' दुसऱ्यात ती सुटतच नाही, तुझ्या घड्याळासारखी. (तिसरा चावट. त्यातला तुझा अधिकार मी जाणतो.) १९९० साली त्याने सहकाऱ्यांबरोबर १४ ते ६६ वयाच्या ४,२९२ लोकांचा अभ्यास छापला. विशीच्या पुढे वय चढत जातं तसा गाठ सुटणारा विनोद जास्त आवडतो, निव्वळ असंबद्ध कमी. आणि हा बदल जुनं धरून ठेवण्याच्या वृत्तीबरोबर चालतो. हे वाचून मी दाराची कडी बघायला उठलो. रात्रीतून दुसऱ्यांदा.

अर्थात त्यांनी एकाच माणसाला तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत तपासलं नव्हतं. वेगवेगळ्या वयाची माणसं एकदाच पाहिली. मग हा वयाचा परिणाम की पिढीचा, ते त्यातून कसं ठरणार? शिवाय तू आहेसच. माझ्याच वयाचा, माझ्याच बाकावरचा, आणि अजून निळ्यावर लोळतोस. असंबद्ध विनोद आवडणारे नव्याला बिचकत नाहीत म्हणे. पन्नाशीत चालू नोकरी सोडून तू तबला शिकायला बसलास तेव्हा मी तुला वेडा म्हणालो होतो. माझं मोजमाप तेव्हाच झालं होतं म्हणायचं.

रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञाची २००३ सालची ३२ विधानांची प्रश्नावलीही सापडली. आपण लोकांना जोडायला हसतो, स्वतःला सावरायला, दुसऱ्याला टोचायला, की स्वतःचाच पाणउतारा करून घ्यायला, ते त्यातून कळतं. मी माझी भरली, मग तुझ्या वतीने तुझीही. टोचण्यात तू अव्वल. हरकत असेल तर स्वतः भर.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्याच १९९० च्या अभ्यासात म्हटलंय की वय वाढतं तसा गाठ सुटणाऱ्या आणि असंबद्ध अशा दोन्ही प्रकारांचा तिटकारा मात्र साधारणपणे कमी होत जातो. आणि मी तर तुझ्या घड्याळावर चांगला तासभर धुमसत होतो! तेव्हा मला म्हातारा म्हणायचं नाही.

तुझा,
दादू