उजवी बाजू तळहाताने झाकणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचे आभार समोरासमोर मानताना शब्दच सुचले नाहीत, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडच लिहितेय.

तुकड्यातुकड्यांच्या फंक्शनचं ते गणित घेऊन मी बऱ्याच जणांकडे गेले होते. ० ते २ पर्यंत एक्सचा वर्ग, २ च्या पुढे ६ वजा एक्स. ० ते ७ मध्ये ग्राफ आणि एक्स-अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ काढा. शंका एकच होती. एक्स बरोबर २ हा बिंदू नक्की कुठल्या तुकड्यात धरायचा? दोन तुकड्यांची दोन इंटिग्रल, म्हणजे ग्राफखालच्या क्षेत्रफळाच्या बेरजा, घ्यायची आणि दोन्हींच्या लिमिटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या किंवा शेवटच्या आकड्यात, २ आहे, मग तो दोनदा मोजला जात नाही का? शिकवणीत उत्तर मिळालं, "असलं परीक्षेत विचारत नाहीत." आणखी एकांनी भराभर दोन इंटिग्रल लिहून वही परत सरकवली. फी घेऊन शिकवणाऱ्या माणसाला शंकेचा एवढा राग का यावा, हे मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही आधी ग्राफ काढायला लावलात. एक्स बरोबर २ वर पेन्सिलने तुटक उभी रेघ मारलीत आणि तिच्या उजवीकडचं सगळं तळहाताने झाकून म्हणालात, "आता दिसतंय तेवढंच फंक्शन आहे असं समज. याचं क्षेत्रफळ?" मी आकडेमोड करत होते तोवर तुमचा हात तिथेच होता. घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. ८/३ आल्यावर तोच हात उचलून डावीकडे ठेवलात. आता समोर नुसता त्रिकोण उरला: २ ते ६, पाया ४, उंची ४, क्षेत्रफळ ८. इंटिग्रलनेही ८ च आले. आजवर इतक्यांनी समजावलं, पण खरं समजलं ते त्या हातामुळे.

आणि माझी शंका तुम्ही टाळली नाहीत. तुटक रेघेवर पेन्सिलचं टोक टेकवून विचारलंत, "हिची उंची ४. रुंदी किती?" रुंदी शून्य, म्हणून क्षेत्रफळही शून्य. बिंदू इकडे धरा, तिकडे धरा, काही बिघडत नाही. तिथे ग्राफने उडी मारली असती तरी बिघडलं नसतं.

६ च्या पुढचा भाग मला स्वतःलाच दिसला. तिथे सूत्र बदलत नाही, पण रेघ अक्षाखाली उतरते, म्हणून तिथेही तोडावंच लागतं. अक्षाखालचा भाग इंटिग्रल उणे धरतं, त्यामुळे ६ ते ७ चं इंटिग्रल उणे १/२, क्षेत्रफळ मात्र १/२. सरळ बेरीज केली तर ६१/६ येतात. क्षेत्रफळ ६७/६ आहे.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात, ताई. ज्या मुलीशी आपली ओळखही नाही तिच्या शंकेसाठी आपलं काम बाजूला ठेवणारी माणसं फार थोडी. अशा माणसांमुळेच माझ्यासारख्या कितीतरी जणी गणित सोडत नाहीत, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. ती इथे करावीशी वाटली.

परवा महत्तम पूर्णांक फंक्शन घेतलं (एक्सएवढा किंवा त्याहून लहान असा सगळ्यात मोठा पूर्णांक देणारं), ० ते ४. चार पायऱ्या, क्षेत्रफळं ०, १, २, ३, बेरीज ६. प्रत्येक पूर्णांकावर उडी होती, पण कुणाला विचारायची गरज पडली नाही.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
एक विद्यार्थिनी