डिझायनरचं कौतुक करा, पण कारागिराची मजुरीपण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत परदेशात नाव काढलेल्या फॅशन डिझायनरांवरचा लेख वाचला. छान होता पण सगळा भर रेड कार्पेटवर आणि कोणत्या हिरॉइनने काय घातलं त्यावर. मी इंदिरानगरला छोटं बुटीक चालवते, ब्लाउज, ड्रेस, थोडं आरी वर्क म्हणजे आकडीच्या सुईचं भरतकाम, त्यामुळे मला भलत्याच गोष्टींची उत्सुकता असते, की बाबा धंदा उभा कसा केला आणि हाताखालच्या माणसांचं काय झालं.

न्यूयॉर्कचा डिझायनर प्रबल गुरुंगचंच घ्या. जन्म सिंगापूरचा, वाढला काठमांडूत, शिकला दिल्लीच्या निफ्ट या फॅशन कॉलेजात, १९९९ ला न्यूयॉर्कला गेला आणि स्वतःच्या नावाचं लेबल काढलं २००९ ला. मधली दहा वर्षं शिकण्यात आणि दुसऱ्या डिझायनरांकडे राबण्यात गेली, डोना कॅरनकडे इंटर्न, मग सिंथिया राउली, मग बिल ब्लासमध्ये डिझाइन डायरेक्टर. आपल्याकडे कोर्सचं सर्टिफिकेट हातात पडलं की पोरी कॉलेज रोडला गाळा बघायला निघतात, आणि त्यांना तरी काय बोलणार, इन्स्टावर सगळं सोप्पंच दिसतं ना.

लेबलला जेमतेम दोन वर्षं झाली तर २०११ ला त्याने भावंडांसोबत शिक्षा फाउंडेशन नेपाळ काढलं, गरीब मुलांच्या शिक्षणासाठी, आणि २०१५ च्या भूकंपात त्याच संस्थेतून मदत गोळा केली. म्हणजे खूप मोठं झाल्यावर बघू असं नाही केलं. २०१७ च्या शोमध्ये तर मॉडेलच्या टीशर्टवर चक्क 'मी स्थलांतरित आहे' असं इंग्रजीत छापलं होतं. मला हे भारी वाटलं, कारण नाशिकमध्येही आरी-जरदोसीच्या अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून भरायच्या लाकडी चौकटीवर, बसलेले कितीतरी कारागीर यूपी-बंगालहून आलेले आहेत, लग्नसराईत रात्र रात्र बसतात, पण फोटोखाली नाव बुटीकवालीचं. मीपण त्यातच आले, नाही म्हणत नाही.

मुंबईत वाढलेल्या डिझायनर नईम खानचंही तेच. मनमोहन सिंगांसाठीच्या २००९ च्या स्टेट डिनरला मिशेल ओबामांनी त्याचा गाऊन घातला आणि तो जगभर गाजला, भरतकाम मात्र भारतातल्या कारागिरांचं, त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत का.

आपल्याकडे समाजकार्य म्हणजे दिवाळीला साड्यावाटप, एक फोटो, संपलं. वाटप करा हो, पण आधी मजुरी वेळेवर द्या, तेच खरं देणं असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून एक विनंती. पुढच्या पुरवणीसाठी न्यूयॉर्क राहू द्या, येवल्याला माणूस पाठवा. खऱ्या पैठणीचा पदर उलटा करून बघितला तरी नक्षी पुढच्यासारखीच दिसते, ते काम हातमागावर कसं चालतं, एका साडीला किती दिवस जातात, विणणाऱ्याला किती मिळतात, आणि तीच साडी शहरातल्या एसी शोरूममध्ये 'डिझायनर पीस' म्हणून कितीला विकली जाते, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. पॉवरलूमची सेमी पैठणी खरी म्हणून खपवतात त्यावरही एक चौकट टाका, गिऱ्हाइकं आम्हालाच भाव विचारून भांडतात.

आपली वाचक,
एक बुटीकवाली, इंदिरानगर, नाशिक